सात घरांचं मांजर



मांजर आपल्या पिल्लांना सात घरं दाखवतं, असं आपल्याकडे म्हणतात. वसई-विरारच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला या म्हणीचं फारसं नवल वाटायचं नाही. इथं भाड्याच्या खोलीचा करार अकरा महिन्यांचा. तो सरला की बिऱ्हाड उचलायचं. नालासोपाऱ्यातून विरारला, विरारहून नायगावला. सात घरं दाखवण्यात इथला भाडेकरू मांजरीला हार जायचा नाही. फरक एवढाच, की मांजरी बिऱ्हाड हलवते तेव्हा एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते आणि शेवटचं पोहोचेपर्यंत खेपा घालते. माणसं बिऱ्हाड हलवतात तेव्हा टेम्पोत कपाट चढतं, शेगडी चढते, तुळशीची कुंडीसुद्धा चढते. आणि जिन्याखाली मांजर तेवढं राहून जातं.

आज मी बोलणार आहे ते या जिन्याखाली राहिलेल्या मांजराविषयी, आणि घरात नव्यानं येणाऱ्या मांजराविषयीही. ही एकाच दोरीची दोन टोकं आहेत. आपल्या घरी येणारं पिल्लू बहुधा गल्लीतूनच येतं. आणि गल्लीतल्या कितीतरी मांजरांची आई किंवा आजी एकेकाळी कुणाच्या तरी ओट्यावर ऊन खात बसलेली असते.

आता कुणी म्हणेल, पाऊसपाणी, पीक, शाळा असे विषय सोडून हे मांजर कुठून काढलं? तर मंडळी, ज्या गावात मांजर नाही असं एक गाव मला दाखवा. शिवाय या विषयात आपलं आरोग्य आहे, थोडा कायदा आहे, आणि दुबळ्या जिवाशी कसं वागावं हे मुलं घरात आणि शाळेत कुठून शिकतात, हाही प्रश्न आहे. म्हणून दहा-पंधरा मिनिटं मांजराला द्यायला हरकत नाही.

कुत्र्याला आपण इमानाचं प्रशस्तिपत्र देऊन टाकलं आहे. मांजराच्या वाट्याला मात्र आपल्या भाषेनं संशयच जास्त दिला. डोळे मिटून दूध पिणारं मांजर आपण लबाडाच्या दाखल्यासाठी वापरतो. शिंकं तुटलं की बोक्याचं साधतं. उंदराला साक्ष मांजर. आणि मांजर आडवं गेलं की चांगला शिकलेला माणूससुद्धा चार पावलं मागे येतो. पंचतंत्रातलं मांजर तपस्व्याचं सोंग घेऊन बसतं आणि न्याय मागायला आलेल्या सशाला नि कपिंजल पक्ष्याला फस्त करतं. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला एक गोष्ट सांगतात. लोमश नावाचं मांजर पारध्याच्या जाळ्यात अडकलं आहे आणि पलित नावाच्या उंदरावर मुंगूस नि घुबड टपून बसले आहेत. दोघे तह करतात. उंदीर मांजराच्या कुशीत शिरून जीव वाचवतो, पण जाळ्याचा शेवटचा धागा तोडतो तो पारधी अगदी जवळ आल्यावरच! मांजराशी मैत्री करावी, पण बेतानं, असा आपल्या पूर्वजांचा सल्ला दिसतो.

पण याच भाषेत आणखीही एक म्हण आहे. मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत. ज्या दातांनी उंदराची मान मोडायची, त्याच दातांत पिल्लाची मान अलगद धरायची. ही गोष्ट कुणीतरी उंबऱ्यावर बसून नीट पाहिली असली पाहिजे. आणि बंगालमध्ये मुलांचं रक्षण करणारी जी षष्ठी, तिचं वाहन मांजर आहे. आपल्याकडे पाचवी-सहावीला जिची पूजा होते ती सटवाई म्हणजे हीच षष्ठी. म्हणजे संशय आहे तशी मायाही आहे.

माणसाची आणि मांजराची पहिली ओळख धान्याच्या कोठारापाशी झाली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य पिकवून साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले, आणि उंदरांमागे रानमांजर. बैलाला माणसानं वेसण घातली, घोड्याला लगाम घातला. मांजर मात्र आपल्या कामासाठी आपणहून आलं आणि आजही थोडंसं त्याच तोऱ्यात राहतं. भूमध्य समुद्रातल्या सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. ते मांजर पुरतं माणसाळलेलं होतं की जवळ बाळगलेलं रानमांजर, यावर विद्वानांत वाद आहे. पण त्या बेटावर मुळात मांजरं नव्हती, तेव्हा कुणीतरी त्याला होडीत घालून नेलं होतं, एवढं नक्की.

होडीवरून आपलं सोपारं आठवतं. प्राचीन शूर्पारक ते हेच. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे इथं मिळाले, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला बौद्ध स्तूप उकरून पाहिला. धान्य वाहणारं गलबत उंदरांवाचून नसे आणि उंदीर आवरायला गलबतावर मांजर ठेवावं, ही दर्यावर्दी लोकांची जुनी रीत. व्यापाऱ्यांची, भिक्षूंची, राजांची नोंद शिलांवर राहिली. धक्क्यावर उडी मारून उतरलेल्या मांजराची नोंद कोण ठेवणार!

एक नोंद मात्र आपल्या महाराष्ट्रातच झाली, आणि ती मोठी रंजक आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत असताना दाखवून दिलं, की हा रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवांमार्फत माणसाला होतो. त्यानंतर वऱ्हाडात अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेले अँड्र्यू बुकॅनन यांच्या मनात आलं, की उंदीर हे मूळ, तर मांजर हा उपाय का नसावा? ज्या वस्त्यांत मांजरं पुष्कळ, तिथं प्लेग कमी, असं त्यांना दिसून आलं, आणि १९०८ साली त्यांनी हे मत ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं. म्हणजे अमरावतीच्या मांजरांचं नाव पार लंडनपर्यंत गेलं!

आजचं ज्ञान याला थोडी मुरड घालतं. मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून तो माणसालाही होऊ शकतो, हे आता ठाऊक आहे. शिवाय मांजर चिचुंद्री, लहान उंदीर, उंदराची पिल्लं मारतं; गटारातल्या घुशीच्या वाटेला सहसा जात नाही. न्यूयॉर्क शहरातल्या एका पाहणीत, जी २०१८ साली प्रसिद्ध झाली, पाच महिन्यांत मांजरांनी मारलेले मोठे उंदीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. पावसाळ्यात वसईत पाणी तुंबलं की लेप्टोची साथ यायची भीती असते, आणि तो रोग उंदरांच्या मुतातून पसरतो. तेव्हा मांजर पाळलं म्हणून कचरा उघड्यावर टाकायला मोकळीक मिळत नाही. घरात मांजराचा वास असला की उंदीर दबकून राहतात, हे खरं. पण उंदीर मारतं म्हणूनच मांजर ठेवायचं, आणि नाही मारले तर हाकलायचं, हा हिशेब त्या जिवावर अन्यायाचा आहे.

आता आपल्या भागाकडे येऊ. वसई तालुक्यात मांजरांची तीन जगं आहेत. पहिलं बंदरावरचं. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव. होड्या लागल्या की मासळी निवडणाऱ्या बायकांभोवती मांजरांचं कडं पडतं. बोंबील वाळत घातले की राखण करणारी म्हातारी एका हातानं काठी आपटते आणि दुसऱ्या हातानं एखादी मांदेली टाकतेही. तिथली मांजरं धष्टपुष्ट, आणि माणसाला न भिणारी. पण १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागते. सुमारे दोन महिने होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. तेवढे दिवस कोळीवाड्यात माणसांची ओढगस्त असते, तशीच मांजरांचीही. जूनमध्ये मांजर स्वयंपाकघरात शिरून चोरी करतं म्हणून त्याला शिव्या देण्याआधी ही बंदी आठवावी.

दुसरं जग वाड्यांचं. आगाशी, निर्मळ, भुईगाव, वाघोली, नंदाखाल. केळी, नारळ, फुलझाडं, विहिरी, ऐसपैस ओटी. इथलं मांजर कुणा एकाचं नसतं. सकाळी एका घरी दूध, दुपारी दुसऱ्या घरी मासळीची डोकी, रात्री तिसऱ्या घरच्या माळ्यावर झोप. प्रत्येक घरी त्याला नाव वेगळं, आणि ते सगळ्याच नावांना ओ देतं.

तिसरं जग इमारतींचं. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. जिथं मिठागरं आणि भातशेती होती तिथं चार-चार, सात-सात मजले उभे राहिले. वाडी मोडली, ओटी गेली, पण मांजर तिथंच राहिलं. त्याला माळा नाही, परस नाही. आहे तो जिना, वाहनतळ आणि कचऱ्याचा डबा. आणि प्रत्येक मजल्यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष खाऊ घालतो, दुसरा काठी घेऊन धावतो. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीपेक्षा मांजरावर जास्त वेळ जातो, असं ऐकण्यात आहे.

अशा परिस्थितीत आपल्या घरी मांजर आणायचं ठरलं, तर ते कसं आणावं?

पहिली गोष्ट वयाची. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडू नये. त्याचे डोळे उघडायलाच आठ-दहा दिवस लागतात. महिनाभर ते दुधावर असतं, आणि पुढचा महिना आईकडून शिकण्यात जातो. चावायचं कितपत, नखं आवरायची कधी, घाण कुठं करायची, हे सगळं त्या शाळेत होतं. लवकर काढलेलं पिल्लू पुढे ओरबाडतं, आणि मग आपण मांजराच्या जातीलाच नावं ठेवतो.

इथं सात घरांच्या म्हणीचा एक व्यावहारिक उपयोग सांगतो. जागा धोक्याची वाटली, वास पसरला, बोका फिरकू लागला, की मांजरी पिल्लं हलवते. आणि हलवते ती एकेक करून. तेव्हा वळचणीला एकटं पिल्लू ओरडताना दिसलं, की ते पोरकंच आहे असं समजू नये. कदाचित आई दुसरं पोहोचवायला गेली असेल. ते अंगानं ऊबदार असेल, जागा सुरक्षित असेल, तर लांब उभं राहून दोन-तीन तास वाट पाहावी. मुलांनी मायेपोटी उचललेली कितीतरी पिल्लं अशी आईपासून तुटतात. आई आलीच नाही, पिल्लू गार पडू लागलं, तर मात्र उचलावं. आधी कापडात गुंडाळून ऊब द्यावी, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. तेही पोटावर ठेवून पाजावं, माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. गाईचं दूध त्याला सोसत नाही. पशुवैद्याकडे पिल्लांसाठी वेगळी दुधाची भुकटी मिळते.

दुसरी गोष्ट पहिल्या आठवड्याची. घरी आणलेलं मांजर पहिल्या दिवशी कपाटाखाली जाऊन बसतं. मुलं हिरमुसतात, आजी म्हणते, हे काही आपल्याकडे टिकायचं नाही. तसं काही नसतं. त्याच्या दृष्टीनं सगळं जग एका दिवसात बदललेलं असतं. त्याला एकच खोली द्यावी. खोका, त्यात जुनं गोणपाट किंवा लुगड्याचा तुकडा, एका कोपऱ्यात पाणी, आणि दुसऱ्या कोपऱ्यात पसरट डब्यात कोरडी माती किंवा वाळू. मांजर घाण पुरतं, हा त्याचा उपजत गुण. डबा रोज साफ केला तर ते दुसरीकडे जात नाही. कपाटाखालून ओढून काढू नये. आपण जमिनीवर बसावं, वर्तमानपत्र वाचावं, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. दोन-तीन दिवसांनी ते आपणहून येतं आणि पायाला अंग घासतं. अंग घासतं म्हणजे लाडात येतंच. पण गालावरच्या ग्रंथींचा वास लावून हे माझं आहे अशी खूणही करतं. तुम्ही त्याला पाळलंत असं तुम्हाला वाटतं, तेव्हा त्यानं तुम्हाला पाळलेलं असतं.

घरात आधीचं मांजर असेल तर दोघांना एकदम समोरासमोर आणू नये. आधी एकाचं अंथरूण दुसऱ्याला हुंगू द्यावं. मग दाराच्या फटीतून ओळख. मग दारापलीकडे आणि अलीकडे एकाच वेळी जेवण. पंधरा दिवस लागले तरी घाई करू नये. नव्या सुनेला जेवढी सवड आपण देतो, किंवा द्यायला हवी, तेवढी याला द्यावी.

तिसरी गोष्ट खाण्याची. मांजर दूध पितं हे आपण पुस्तकातल्या चित्रात पाहत आलो आहोत. पण मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, हगवण लागते. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे. डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन नावाचं द्रव्य त्याला मांसामासळीतूनच मिळतं. नुसत्या दूधभातावर ठेवलेलं मांजर कालांतरानं आंधळंसुद्धा होऊ शकतं. शाकाहारी घरानं हे आधीच मनाशी ठरवावं, की निदान अंडं किंवा मांजराचा तयार खाऊ देणं जमेल का. उकडलेली मासळी काटा काढून द्यावी. सुकी मासळी फार खारट, ती सवयीनं देऊ नये. कांदा-लसूण घातलेलं कालवण तर अजिबात नको. कांद्यानं त्याच्या रक्ताला अपाय होतो.

आणि चौथी गोष्ट, जी कृपा करून नीट ऐका, लिहून घेतलीत तरी चालेल. ताप आला, लंगडतं, म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. आपल्या घरोघरी असलेली ही निरुपद्रवी गोळी मांजराच्या शरीराला विष आहे. अर्धी गोळीसुद्धा प्राण घेऊ शकते. मायेनं दिलेल्या औषधानं मांजर दगावतं आणि घरच्यांना कारणही कळत नाही. कुत्र्याच्या गोचिडांवर जी औषधं मिळतात त्यातली काही मांजराला तितकीच घातक असतात. फिनेल घातलेल्या ओल्या फरशीवरून चाललं, मग पंजे चाटले, तरी अपाय होतो. विषारी गोळी खाऊन मेलेला उंदीर मांजरानं खाल्ला, तर तेही मरू शकतं. आजारी मांजराला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. गुराढोरांचा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या दवाखान्यातले डॉक्टर मांजरही तपासतात. दोन महिन्यांनंतर संसर्गजन्य रोगांची लस आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस टोचून घ्यावी.

इमारतीत राहणाऱ्यांसाठी आणखी दोन शब्द. मांजर चार पायांवर पडतं हे खरं, पण चौथ्या मजल्यावरून चार पायांवर पडलं तरी पाय मोडतात, जबडा फुटतो. खिडकीला जाळी हवी. आणि पावसाळ्यात मांजरं उबेसाठी मोटारीच्या इंजिनाजवळ जाऊन बसतात. गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात.

आता गल्लीतल्या मांजरांकडे वळू. इथं एक हिशेब मांडतो. शिक्षक बंधू-भगिनींनी तो उद्या फळ्यावर मांडावा. एक भाटी, म्हणजे मांजरी. वर्षाला दोन वेतं, दर वेताला चार पिल्लं. आठ झाली. त्यातली निम्मी मेली असं धरू. उरली चार, त्यात दोन भाट्या. पहिली धरून तीन. मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. म्हणजे पुढच्या वर्षी तिनाच्या नऊ, मग सत्तावीस, आणि चौथ्या वर्षाअखेर एक्याऐंशी भाट्या! भूमिती श्रेढीचं याहून सोपं उदाहरण मिळायचं नाही. आता मुलं विचारतील, गुरुजी, मग आपल्या गल्लीत एक्याऐंशी मांजरं का दिसत नाहीत? उत्तर असं, की बाकीची मरतात. गाडीखाली, कुत्र्याच्या तोंडी, उलटी-हगवणीच्या साथीनं, भुकेनं. फळ्यावरचा आकडा आणि गल्लीतला आकडा यांच्यातली वजाबाकी म्हणजे मेलेली पिल्लं. आपण त्यांना पाहत नाही एवढंच.

यावर आपल्याकडे एक जुना उपाय आहे. पोतं घ्यायचं, पिल्लं भरायची, आणि लांब मासळीबाजारात किंवा खाडीपलीकडे सोडून यायचं. तिथं खायला मिळेल, अशी मनाची समजूत. पण तिथं आधीच मांजरं असतात, ती नव्याला टिकू देत नाहीत. आणि आपल्या गल्लीत जागा रिकामी झाली, खरकटं तसंच राहिलं, की दोन महिन्यांत दुसरी मांजरी येऊन विते. म्हणजे क्रौर्य झालं ते झालं, कामही झालं नाही. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार प्राण्याला उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत सोडून देणं हा गुन्हा आहे. विष घालून मारणं तर त्याहून मोठा गुन्हा. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

खरा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून वीण थांबवणं. बोक्याची शस्त्रक्रिया लहान, तो एका दिवसात हिंडू लागतो. भाटीला चार-आठ दिवस जपावं लागतं. शुद्धीवर येण्याआधी कानाचं टोक किंचित कापतात, म्हणजे हिची झाली आहे हे लांबूनच कळतं. तिला मग तिच्याच जागी परत सोडायचं. ती जागा धरून राहते, नव्यांना येऊ देत नाही, आणि वीत नाही. रात्री-अपरात्री बोक्यांचं ते बाळासारखं रडणं, मारामाऱ्या, दारात मुतून ठेवणं, हेही पुष्कळ कमी होतं. खर्च एका घराला जड वाटतो. एका जिन्यावरच्या आठ घरांनी वाटून घेतला तर वाटत नाही. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थाही मदत करतात.

खाऊ घालणाऱ्यांना एक सांगणं. अवश्य घाला, पण वेळ ठरवून, जागा ठरवून, जिन्यापासून आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. खाऊन झालं की कागद, ताटली उचला. शेजारी चिडतो तो बहुधा मांजरावर नाही, घाणीवर. आणि चिडणाऱ्या शेजाऱ्यालाही एक सांगणं. २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांनी परिसरातल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची नीट व्यवस्था करण्याची जबाबदारी सोसायटीवर टाकली आहे. भांडण्यापेक्षा एकत्र बसून जागा ठरवणं सोपं.

आरोग्याचं बोललं पाहिजे. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो, असा गैरसमज अजून आहे. मांजराच्या चाव्यानं, ओरखड्यानंही तो होऊ शकतो. आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर उपाय जवळपास नाहीच. म्हणून मांजर चावलं, ओरबाडून रक्त आलं, तर हळद-मिरचीपूड लावत बसू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवावी, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. सांगितलेल्या सगळ्या तारखांना घ्यावी, एकही चुकवू नये. मुलं मार बसेल या भीतीनं ओरखडा लपवतात. घरी आणि वर्गात त्यांना इतकंच सांगून ठेवा, की मांजर चावलं तर रागावणार नाही, पण सांगितलं पाहिजे. एवढ्या एका वाक्यानं एखाद्या पोराचा जीव वाचेल.

गरोदर बाईनं घरातलं मांजर टाकून द्यावं, असाही एक सल्ला सर्रास दिला जातो. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचे जंतू येऊ शकतात आणि ते गर्भाला धोक्याचे, हे खरं. पण ते जंतू बाहेर पडल्यावर बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. तेव्हा डबा दुसऱ्या कुणीतरी रोजच्या रोज साफ करावा, बाईनं बागेतल्या मातीत हात घातला तर साबणानं धुवावा, मांस नीट शिजवून खावं. नवऱ्यानं नऊ महिने मांजराचा डबा साफ केला तर तिघांचंही भलं होईल!

आणि शेवटी, पुन्हा एकदा बिऱ्हाड हलवण्याविषयी. मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, असं आपण म्हणतो आणि त्या जुन्या समजुतीचा आधार घेऊन ते मागे ठेवून जातो. मांजराला जागेची ओढ असते, हे खरं. पण नव्या घरी दोन-तीन आठवडे त्याला आत ठेवलं, त्याचं जुनं गोणपाट, जुनी ताटली, ओळखीचा आवाज सोबत असला, तर ते नवी जागाही आपली करतं. मागे ठेवलेलं मांजर मात्र कित्येक दिवस बंद दारापाशी येऊन बसतं. हे ज्यांनी शेजारच्या दारात पाहिलं आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. तेव्हा घर बदलताना सामानाची यादी कराल त्यात मांजराचंही नाव घाला. झाकणाला भोकं पाडलेली एक टोपली पुरते. आणि नेणं शक्यच नसेल, तर निघण्याआधी महिनाभर त्याच्यासाठी दुसरं घर शोधा. निघायच्या दिवशी नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. ‘माझा आवडता प्राणी’ हा निबंध मुलं पाठ करून लिहितात. एकदा त्यांना सांगा, की आठवडाभर आपल्या गल्लीतलं एक मांजर पाहा. ते कुठं झोपतं, कुठल्या घरी कधी जातं, त्याच्या कानाचं टोक कापलेलं आहे का, त्याला पाणी कोण ठेवतं. आणि मग लिहा. बंदरावरचं पोर जे लिहील ते वाडीतल्या पोराला ठाऊक नसेल, आणि इमारतीतलं पोर जे लिहील ते दोघांनाही नवं असेल. संविधानाच्या ५१-क या कलमात सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून सांगितलं आहे. ते कलम पाठ करण्याआधी मुलानं एखाद्या मांजराकडे आठ दिवस नीट पाहिलं असेल, तर कलमाचा अर्थ समजावून द्यायला फार वेळ लागणार नाही.

उन्हाळ्यात ओट्यावर पाण्याची एक पसरट वाटी ठेवा, इतकंच सांगून आपली रजा घेतो.